ट्रंक लाइनवरून साक्रीपर्यंत

एरंडोल म्हटलं की मला खोकला आठवतो. तिथल्या एक्स्चेंजात दुपारच्या पाळीला जे गृहस्थ असतात ते 'हॅलो' म्हणायच्या आधी खोकतात. पारोळ्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. भडगावची बाई गोड बोलते, पण गिरणेला पूर आला की तिची लाइन बसते आणि मग दोन दिवस जळगावचे व्यापारी मला शिव्या देतात. मी जळगावच्या टेलिफोन एक्स्चेंजात ट्रंक बोर्डावर काम करते. या सगळ्या गावांची नावं मी दिवसातून शंभरदा घेते, त्यांना एकमेकांशी जोडून देते, पण गेल्या कार्तिकापर्यंत यांतलं एकही गाव मी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. माझं जाणंयेणं पूर्वेला, रावेरकडे, आमच्या केळीच्या गावापर्यंत. पश्चिमेला मी फक्त कानाने गेलेली.

आता म्हणे एस.टी.डी. येणार, लोक घरात बसून नंबर फिरवणार आणि आम्हाला कोणी विचारणार नाही. तेव्हा ज्यांनी ट्रंक कॉल लावून तासन्‌तास वाट पाहिली आहे त्यांच्यासाठी हे लिहून ठेवते. तुम्ही 'अर्जंट लावा हो ताई' म्हणून ओरडत होता, तेव्हा पलीकडच्या माणसाशी आमचं काय बोलणं चाललं होतं, तेही यात येईल.

बोर्डावर आम्ही एकमेकांना नावाने हाक मारत नाही, गावाने मारतो. 'धुळे, जरा बाजार समितीचा नंबर द्या.' 'घ्या जळगाव. बोला जळगाव.' त्यामुळे वर्षभर मी एका माणसाला 'धुळे' म्हणत होते आणि तो मला 'जळगाव' म्हणत होता. धुळ्याला ऑपरेटर बरेच, पण हा एकच असा की कॉल लागला नाही तर खोटं बोलायचा नाही. बाकीचे सरळ 'नो रिप्लाय' म्हणून मोकळे होतात. हा म्हणायचा, 'जळगाव, घंटी जातेय, पण दुकानदार गल्ल्यावरून उठायचा कंटाळा करतोय. थोडं थांबा.' आणि खरंच थोड्या वेळाने दुकानदार उठायचा. लाइन रिकामी असली की आम्ही दोन वाक्यं जास्त बोलायचो. मग चार. मग आज डब्यात काय, इथपर्यंत गाडी आली.

एकदा मी आडनाव विचारलं. तो म्हणाला, 'पाटील.' मी म्हटलं, 'अरे वा, मीपण पाटील.' आणि पुढे आम्ही दोघांनीही काही विचारलं नाही. पाटील म्हटल्यावर पुढे काय विचारायचं?

मला बघायला यावलकडचे लोक येणार होते. मी बोर्डावर सहज सांगितलं की उद्या मी रजेवर आहे. कशाची रजा, म्हणून त्याने विचारलं. मी कारण सांगितलं. पलीकडे आवाज बंद झाला. मला वाटलं लाइन गेली. 'हॅलो धुळे, हॅलो धुळे' केलं, तेव्हा तो म्हणाला, 'जळगाव, ती तारीख पुढे ढकलता येईल का?' माझ्या कानावर हेडसेट होता, समोर तीन दिवे लागले होते आणि सुपरवायझर बाई मागे उभ्या होत्या. मी म्हटलं, 'ट्राय करते.' माझ्या लग्नाची मागणी ही अशी झाली.

घरून निघताना

नाना म्हणजे माझे वडील. केळीवाले. माणूस पाहायचा तर त्याचा बांध आणि विहीर पाहावी, या मताचे. यावलकरांची तारीख पुढे ढकलायची म्हणून मी घरी सगळं सांगून टाकलं. मुलगा सरकारी नोकरीत आहे, पाटील आहे, गाव साक्रीच्या बाजूला आहे, हे ऐकून ते म्हणाले, 'पांझरेच्या काठाले आपले लोक मया कराले गेले आसतीन.' मळ्याला आमच्याकडे मया म्हणतात. त्यांनी मनातल्या मनात मुलाला पाण्याखालची चार एकर जमीनही देऊन टाकली आणि घर पाहायला जायचं ठरवलं.

घर पाहायला बाप जातो, मुलगी जात नाही. पण इथे अडचण वेगळी होती. मुलाचा फोटो नव्हता. त्याला कोणीच पाहिलेलं नव्हतं, मीसुद्धा नाही. मला फक्त आवाज माहीत.

'आता पोरगीच पोरगं पाहाले जाईन?' आई म्हणाली. 'लोक तोंडात शेन घालतीन.'

'मंग त्याले ओयखीन कोन?' नाना म्हणाले. 'एस.टी. स्टँडवर उभा राहून मी काय सगयाह्यले हॅलो हॅलो म्हनत फिरू?'

म्हणून मी निघाले. नानांनी बरोबर केळीचा एक अख्खा घड घेतला, ओल्या गोणपाटात बांधून. माझ्याकडे दोन साड्या होत्या.

एरंडोल, पद्मालय

एरंडोलला उतरलो तेव्हा मी खोकला ऐकू येतो का ते पाहत होते. अर्थात आला नाही. ते गाव मला वाटलं होतं त्यापेक्षा मोठं आणि स्टँड त्यापेक्षा लहान. शुभकामाला निघालोय तर पद्मालयाच्या गणपतीला जाऊन पुढे जाऊ, असं नानांनी परस्पर ठरवलं. जीपमध्ये आमच्याबरोबर इतकी माणसं भरली की घड नानांच्या मांडीवर आणि मी घडाच्या आडोशाला.

पद्मालय टेकड्यांत आहे. तळं आहे, तळ्यात कमळं आहेत, आणि गाभाऱ्यात एक सोडून दोन गणपती, एकाची सोंड डावीकडे, एकाची उजवीकडे. नानांनी दोघांना वेगवेगळा नमस्कार केला. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय मागितलं? म्हणाले, एकाकडे तुझ्यासाठी चांगलं घर मागितलं, दुसऱ्याला म्हटलं की त्याने नाही ऐकलं तर तू बघ.

आम्ही आत होतो तेवढ्यात माकडांनी गोणपाट फाडलं. आम्ही आलो तेव्हा एक थोराड माकड पायरीवर बसून नानांकडे पाहत आमची केळी सोलत होतं. नाना चप्पल घेऊन धावले. माकडाने एक फणी तोंडात धरली आणि झाडावर गेलं, वरून सालं टाकली. घड अर्धा उरला. नानांचा जीव हळहळला, कारण सोयरे व्हायच्या घरी अर्धा घड नेणं म्हणजे आमच्याकडे शोभत नाही. 'त्याह्यले वाटीन, निम्मी वाटेत खाल्ली,' असं ते धुळ्यापर्यंत म्हणत होते.

धुळे

धुळ्याचे रस्ते आखून काढल्यासारखे सरळ आहेत. आमच्याकडच्या गावांत गल्ली कुठे वळेल सांगता येत नाही. इथे एका टोकाला उभं राहिलं की दुसऱ्या टोकाची बैलगाडी दिसते. नाना म्हणाले, केळी अशीच लावायची असतात, ओळीत.

स्टँडवर चौकशीच्या खिडकीपाशी तो थांबणार होता. तिथे चार-पाच जण उभे होते. त्यांतला एक उंच, गोरा, पांढऱ्या शर्टातला. माझं मन म्हणालं, हाच. वर्षभर ऐकलेला आवाज उंच माणसाचाच होता. नानांनाही तोच पटला. ते त्याच्यापाशी गेले आणि म्हणाले, 'आम्ही जळगावहून आलो.' तो उंच माणूस बारीक, चिरक्या आवाजात म्हणाला, 'मग मी काय करू?' मी नानांचा सदरा मागून ओढला.

तेवढ्यात माझ्या पाठीमागून कोणी म्हणालं, 'बोला जळगाव.'

मी वळले. माझ्यापेक्षा दोन बोटं उंच असेल नसेल, काळासावळा, जाड काचांचा चष्मा, हातात कापडी पिशवी. खरं सांगते, माझा क्षणभर हिरमोड झाला. आवाज सहा फुटी होता आणि माणूस तेवढा नव्हता. मग तो नानांच्या पाया पडला, घड स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि 'प्रवासात त्रास नाही ना झाला?' म्हणून विचारलं, आणि मी खाली पाहून ऐकत राहिले, तर तो तोच होता. चहा पिताना मी त्याच्याकडे पाहायचं टाळलं आणि फक्त ऐकलं. दुसऱ्या कपापर्यंत आवाज आणि चेहरा एकमेकांना चिकटले. त्याचं नाव प्रल्हाद. वर्षभरात पहिल्यांदा मी ते नाव ऐकलं आणि मला ते उच्चारताच येईना.

साक्री

आम्ही रात्री धुळ्याला लॉजवर उतरलो आणि सकाळी तिघे साक्रीला गेलो. बाजाराचा दिवस होता. डोंगरातून उतरलेल्या बायका रस्त्याच्या कडेला बसल्या होत्या, पुढ्यात नागली, भगर, डिंक, बांबूच्या टोपल्या. मला सगळं नवं होतं. आमच्या बाजारात केळी, वांगी, कापूस आणि भांडण.

नानांनी मात्र बाजार पाहिला नाही. ते जमीन पाहत होते. साक्रीहून त्याच्या गावाकडे जीपने जाताना दोन्ही बाजूंना बाजरीची कापलेली शेतं, भुईमुगाचे वेल उपटून टाकलेले, आणि मागे डोंगर.

'पाणी कुठं आहे?' नानांनी विचारलं.

'वरून येतं,' प्रल्हाद म्हणाला. 'आलं तर.'

घरून निघताना दिलेली चार एकर बागायत नानांनी मनातून परत घेतली असावी. पण प्रल्हाद लपवत नव्हता, विहीर कोरडी आहे हेही त्याने सांगितलं, आणि नाना एवढंच म्हणाले, 'पोरगा खरं बोलतो.' त्याच्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. पुढे जे झालं ते सगळ्या गावाने पाहिलंय, त्यांना मी पुन्हा सांगायची गरज नाही.

घराच्या उंबऱ्यात पाय टाकताच तो आत ओरडला, 'माय, पाव्हना उनात!' म्हणजे पाहुणे आले.

मी दचकले. वर्षभर ज्या माणसाशी मी बोलत होते तो एका पावलात दुसऱ्याच भाषेत गेला. बोर्डावर आम्ही दोघं ऑफिसची मराठी बोलायचो, तो घरची बोली बाहेर ठेवून यायचा आणि मीही. त्याला माझी 'मले-तुले' माहीत नव्हती, मला त्याची 'शे-शेतस' माहीत नव्हती. आतून त्याची आई आली. तिला सगळे अक्का म्हणत होते. वडील नाहीत, घरातलं मोठं माणूस म्हणजे चुलता, तात्या.

'या, बसा. कोठेन उनात? बठ्ठा बरा शेतस ना?' अक्का म्हणाल्या.

नाना हळूच मला म्हणाले, 'ही बाई सारखी शे शे काय करते?'

'आहे म्हणतात नाना. बरे आहात ना, असं विचारतात.'

'मंग तसं म्हनावं ना.'

अर्धा घड अक्कांनी देवापुढे ठेवला. मग माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ, आणि हसल्या, आणि शेजारी निरोप गेला. बघता बघता पाच सवाष्णी जमल्या. पाट मांडला गेला. मला त्यावर बसवलं, पूर्वेला तोंड करून. कपाळाला कुंकू लावलं. मग खण, नारळ आणि ओंजळीओंजळीने गहू माझ्या पदरात पडायला लागले.

नाना ओट्यावरून कौतुकाने पाहत होते. त्यांना वाटलं, पाहुण्या मुलीचं स्वागत करायची ही इकडची रीत आहे. प्रवासात आपण असंच करतो, जे कळत नाही ते तिकडची रीत म्हणून सोडून देतो. मला मात्र सगळं कळलं. ओटी लग्न झालेल्या बाईची भरतात. कुमारिकेची पाच सवाष्णींसमोर भरली, तर त्याचा अर्थ एकच होतो, आणि तो साक्रीतही तोच आहे आणि रावेरलाही तोच. अक्कांचा हिशेब चुकला होता, पण त्यांच्या बाजूने अगदी बरोबर होता. त्यांच्याकडे मुलगी लग्न ठरल्याशिवाय मुलाच्या घरात पाय टाकत नाही. मी टाकला, म्हणजे ठरलेलंच. एका बाईला तसं सांगताना मी ऐकलंही: 'पोर सोता घर देखाले उनी, म्हंजे ठरेलच शे.'

मी 'थांबा' म्हणू शकले असते. म्हटलं नाही. पदर जरा आणखी पसरला.

दाराशी प्रल्हाद उभा होता. त्याच्या चष्म्यामागे काय चाललंय ते दिसत नव्हतं, पण त्यानेही थांबवलं नाही.

मग जेवण. खापरावरच्या पुरणपोळ्या. आमच्याकडे पुरणपोळी तव्यावर होते, पोळपाटावर लाटतात. इथे अक्का पोळी हातावर घेऊन या हातावरून त्या हातावर फिरवत कोपरापर्यंत वाढवत नेत होत्या, आणि उपड्या खापरावर अशी टाकत होत्या की एकही सुरकुती नाही. एका पोळीत माझं ताट झाकलं गेलं. नानांनी चार खाल्ल्या आणि पाचवी आढेवेढे घेत. माझ्या पदराला गव्हाची गाठ मारलेली, त्यामुळे मी एका बाजूला कलून जेवत होते.

जेवून हात धुतल्यावर तात्यांनी सुपारी कातरत विचारलं, 'तुम्हनं गाव रावेर बाजूले. मंग तुम्ही कोन्ता पाटील?'

'आम्ही लेवा,' नाना म्हणाले.

अडकित्ता थांबला. 'लेवा?' तात्या म्हणाले. 'आम्ही तर मराठा शेतस.'

पाणी पिऊन जात विचारणं म्हणतात ते हेच. आम्ही तर पुरणपोळ्या खाऊन विचारली. खानदेशात दगड मारला तरी पाटलाला लागतो, पण तो कुठला पाटील हे विचारल्याशिवाय कोणी पोरगी देत नाही. आणि इथे दोन घरांनी, दोन शिकलेल्या ऑपरेटरांनी, नुसत्या आडनावावर भरवसा ठेवून पाट मांडला होता. मी प्रल्हादकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत होता. त्यालाही माहीत नव्हतं, हे मला त्याच्या न बोलण्यावरून कळलं. तो लाइनवर गप्प व्हायचा तसाच गप्प झाला होता. एका शब्दावर सगळं चाललं होतं आणि आता तोच एक शब्द सगळं मोडणार होता.

तात्या उठून उभे राहिले. 'वहिनी, हाई काय करी बसनात? आपलामा नई शेतस त्या. ती ओटी परत ल्या.'

अक्का खापरापुढून उठल्या. त्यांच्या हाताला कणीक होती. त्या सरळ माझ्यापाशी आल्या आणि माझ्या पदराच्या गाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

'भरेल ओटी परत लेतस का कोठे?'

'चुकीसन भरी ना!'

'गहू चुकीसन भरात व्हतीन,' अक्का म्हणाल्या. 'पोर काही चुकीसन नई उनी.'

तात्या पुष्कळ बोलले. गाव, भाऊबंद, सोयरे, सगळ्यांची नावं घेतली. आवाज चढत गेला. दारात बायका जमल्या. अक्का गाठीवरचा हात काढत नव्हत्या. तो हात गरम होता, चुलीपुढचा, आणि माझ्या पोटावर कणकेचा पांढरा ठसा उमटला होता.

मग प्रल्हाद नानांसमोर आला आणि ऑफिसच्या मराठीत म्हणाला, 'नाना, मला आत्तापर्यंत ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं. पण माझं म्हणणं बदललेलं नाही. तुमचं बदललं तर मी समजू शकतो.'

नाना उठले, टोपी घातली. 'घरी विचारावं लागीन,' म्हणाले. नाही म्हणाले नाहीत, हो तर नाहीच.

परत

साक्रीच्या स्टँडवर प्रल्हाद आम्हाला गाडीत बसवून परत गेला, अक्कांपाशी राहायला. गाडी सुटल्यावर नाना म्हणाले, 'ते गहू पिशवीत ओत.'

'ओटी पिशवीत ओतत नाहीत नाना. घरी देवापुढे ओततात.'

ते खिडकीबाहेर पाहायला लागले. पदरात गाठ, कपाळावर मोठं कुंकू, हातात नारळ अशी मी, त्यामुळे गाडीतल्या बायका सरकून जागा देत होत्या. कंडक्टरने तिकीट फाडता फाडता विचारलं, 'साखरपुडा झाला वाटतं? कुठल्या गावचे?' मी गाव सांगितलं. तो म्हणाला, 'चांगली माणसं आहेत.' तो त्यांना ओळखत नसणार, पण असं म्हणायची पद्धत आहे.

रात्र पुन्हा धुळ्यात. सकाळी स्टँडवर शेव-पोहे खाताना नाना पहिल्यांदा बोलले.

'तुले माहीत होतं, ती ओटी कसली होती?'

'हो.'

'मंग मले सांगितलं काहून नाही?'

'सांगितलं असतं तर तुम्ही थांबवलं असतं.'

त्यांनी पोह्यांतली मिरची बाजूला काढली. 'वर्षभर बोलत होती तू त्याच्याशी. तुले कधी संशय नाही आला?'

'आम्ही दोघं पुस्तकातली मराठी बोलतो नाना. त्याच्यातून काही कळत नाही.'

'त्याच्या मायचं मले निम्मं नाही कयलं.'

'मलापण नाही.'

'आनं तुले तठी राहायचं हाये?'

'हो,' मी म्हटलं. मग मला रडू आलं, भर स्टँडवर, हातात पोह्यांची बशी घेऊन. मी म्हटलं, 'मला तोच पाहिजे. त्याचा आवाज नसला की माझा दिवस जात नाही. मला यावलचे नकोत, सावद्याचे नकोत, कुठलेच नकोत.' एवढं मी नानांपुढे आयुष्यात कधी बोलले नव्हते. शेजारचा हमाल ओझं खाली ठेवून ऐकत होता.

नानांनी माझ्या हातातली बशी घेऊन बाकावर ठेवली. 'तुह्या मांगं तुही धाकटी बहीन आहे,' ते म्हणाले. 'उद्या तिले मांगनं घालाले कोनी आलं नाही, तं?'

मी बशी उचलून परत दिली. तो प्रश्न अजून तसाच आहे.

पारोळा आलं, गेलं. एरंडोल आलं, गेलं. जळगावच्या अलीकडे कापसाच्या गाड्यांमुळे रस्ता तुंबला होता, आमची गाडी उभी राहिली. तेव्हा नाना कापसाकडे पाहत म्हणाले, 'बाई लय खंबीर हाये.' थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, 'दीर एवढा बोलत होता. तिनं हात नाही काढला.' आणि डोळे मिटून घेतले.

जळगावला गाडी बदलून आमच्या गावी घरी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. आई ओट्यावर. शेजारी माझे थोरले काका, आबा, पान लावत बसलेले. घराण्यात शेवटचा शब्द त्यांचा असतो. ते खास विचारायलाच आले होते. आईचं लक्ष माझ्या कपाळाकडे गेलं, मग पदराकडे.

'ओटी?' ती म्हणाली. 'ओटी कोनं भरली?'

'आत जा,' नाना मला म्हणाले. 'देवापुढं ओत.'

मी आत जाऊन गहू देवापुढे परातीत ओतले. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. ऐकण्याचंच मी खाते. नाना पायांवर पाणी घेत होते.

'कोन्ते पाटील निंघाले?' आबांनी विचारलं. 'लेवाच ना?'

'नाही. मराठा हायेत.'

पानदानाचं झाकण पडल्याचा आवाज आला. 'मंग उठून याचं होतं ना लगेच!'

'आधी जेवलो,' नाना म्हणाले. 'पाच पोया खाल्ल्या मी त्या बाईच्या हातच्या. मंग विचारलं त्याह्यनं.'

'जेवल्यानं काय होते?'

'दादा,' नाना म्हणाले, आणि त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा बारीक झाला. 'मी वीस ठिकानी घरं पाह्यली. पोरीसाठी विहिरी पाह्यल्या, बांध पाह्यले. तठी विहिरीत पानी नाही. पन माह्या पोरीसाठी आपल्या घरच्या मानसाच्या आडवी उभी राह्यली, अशी सासू मी अजून पाह्यली नाही. मी पोरगी तठी देतो. तुम्हाले याचं तं या.'

आबा उठून गेले. चपला घालताना त्यांनी आईला काही सांगितलं नाही, नेहमी 'येतो' म्हणतात तेही म्हणाले नाहीत. मी आत हात जोडून बसले होते, कोणाला जोडले ते मलाच माहीत नव्हतं.

मग आई आत आली. डोळे पुसलेले, ओले. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. परात ओढून घेतली, खाली बसली आणि गहू निवडायला लागली. एक खडा काढला, दुसरा काढला.

'साखरपुड्याले किती मानसं येतीन त्याह्यची?' तिने विचारलं.